पोचल्याचा फोन

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून बाबा लोणंदला भावाकडे आणि त्यांचा हिरवा लव्हबर्ड विश्रामबागेत माझ्याकडे, अशी वाटणी झाली. "दोघांचं करायला आम्हाला जमणार नाही," भाऊ म्हणाला. म्हणजे पाखराचंही कुणीतरी करावं लागतं, हे त्याला ठाऊक होतं. तेवढंच समाधान.

आणि करावं तर लागतंच. हे पाखरू पाण्याच्या वाटीतच आंघोळ करतं, तिच्यातच शिटतं आणि वर तेच पितं. जोडीतली मादी त्या पाण्यापायीच गेली. तेव्हापासून पाणी दोन वेळा बदलायचं, हा बाबांचा नेम.

शनिवारी ऑफिस सुटलं की मी लोणंदची गाडी धरते. तिथं बाबांचं अंथरूण, वहिनीची गाऱ्हाणी. रविवारी परत आलं की इथलं तुंबलेलं धुणं. जीव नुसता मेटाकुटीला येतो. पूर्वी मी कुठंही गेले की बाबा फोन करून विचारायचे, "पोचलीस का?" आता त्यांच्या जिभेवर एकच शब्द उरलाय. मी खोलीत शिरले की ते वाकड्या तोंडानं विचारतात, "पाणी?"

"बदललं, बाबा," मी म्हणते. मग ते डोळे मिटतात.

बदलते मात्र समोरच्या फ्लॅटमधली मावशी. ती आटपाडीकडची, अर्धा जन्म मेंढरांमागं काढलेली. मुलगा फौजेत, म्हणून ती इथं सुनेपाशी असते. माझी किल्ली तिच्याकडे. लोणंदला उतरले की आठवण करायला मी फोन लावायची, ती "व्हय व्हय" म्हणायची आणि परत येऊन बघावं तर वाटी लख्ख.

एका शनिवारी मी गाडीत असतानाच भावाचा फोन आला. बाबांना दवाखान्यात हलवलं होतं. मग कुठला फोन न् कुठलं काय! रविवारी बाबा जरा सावरले. शुद्धीवर येताच त्यांनी विचारलं, "पाणी?" मी नेहमीचं उत्तर दिलं.

घरी येऊन बघते तर वाटीतलं पाणी हिरवट, बुळबुळीत, वर राळ्याची टरफलं तरंगतायत. पाखरू पिसं फुगवून तळाशी बसलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेही गेलं तर बाबांना काय सांगू?

तशीच जाऊन मावशीचं दार वाजवलं. "एक वाटीभर पाणी बदलायचं होतं हो, मावशी!"

"वरनं ताजं घातलं की. निस्तं भाईर टाकलं न्हाई."

"का पण?"

"तू पोचल्याचा फोन कुठं केलास?" ती माझ्यावरच उखडली. "माणूस वाटंला असताना मागं घरातनं पाणी फेकायचं व्हय? आमची माणसं मेंढरं घिऊन निघाली, की खबर येईस्तवर आमी केर बी काढत नव्हतो. मला फोन लावाय येत न्हाई, सून म्हायेरी. हितं जीव टांगणीला लागलाय, आन् तू मलाच बोलतीस!"

एरवी तिची फरशी आरशासारखी असते. आज सगळीकडे भुईमुगाच्या शेंगांची टरफलं पडली होती. कालपासून तिनं स्वतःच्या घरातही केरसुणीला हात लावला नव्हता.

मला एकदम रडू फुटलं. मी पोचले की नाही याची कुणाला काळजी असेल, हे मी कधीच विसरून गेले होते.

ती पदर खोचून माझ्यामागं निघाली. माझ्या घरात आली, वाटी घासून काढली, पाणी उकळून गार केलं. सकाळी पाखरानं चोच बुडवली. दोन दिवसांनी त्यानं आंघोळ करून माझी फरशी भिजवली, तेव्हा मी जेवले धड.

पुढच्या शनिवारी लोणंदच्या फलाटावर पाय टेकताच फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला.

"मावशी, पोचले."

"पोचलीस? बरं झालं, बाई."

फोन बंद करायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. ती माझ्या घरात, पिंजऱ्यापाशीच बसून होती. पिंजऱ्याचं दार वाजलं, पाखरू चिवचिवलं आणि मग मोरीत वाटीभर पाणी ओतल्याचा आवाज आला.