शांती द्यायची वेळ

आमच्या छोट्या चर्चमध्ये गाणी सगळ्यांत मोठ्यानं म्हणणाऱ्या एक मावशी ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर घ्यायला मात्र कधी उठत नसत. मी विचारलं, तर हसल्या. "जावंशी बोलत न्हाई मी. मनात राग ठिवून कसं जाऊ, बाई? देव काय येडा हाय का?"

गेल्या रविवारी ख्रिस्तप्रसादाआधी, रीतीप्रमाणे सगळे एकमेकांना हात जोडून "शांती असो" म्हणत शांती देत असताना त्या उठल्या आणि जावेसमोर जाऊन उभ्या राहिल्या. जावेनं तोंड फिरवलं. तरी यांचे हात जोडलेलेच. माझी सख्खी बहीण पुढच्याच बाकावर होती. आमचाही अबोला आहे. मी शेजारच्या अनोळखी बाईंकडे वळले.

ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मावशी माझ्यामागे आल्या. "सरक की गं पुढं," म्हणाल्या. मी त्यांना वाट दिली आणि मान खाली घालून बाकावर परतले.