राणीचं पुढं काय ठरवलंय

आईनं मला गावातून काढून दिलं ते पत्र्याच्या शेडसमोरून. मदतीचं सामान उतरवून रिकामा झालेला टेम्पो नांदेडला परत निघाला होता, त्यात मला बसवलं. तिकडे मावशी होती. कुणीतरी वाटलेली नवी चादर आईनं माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "तिकडं रडत बसू नको. मावशीला कामाला हात लाव. हितलं हितं ऱ्हाऊ दे." माझी चुलतबहीण सुमनआक्का शेडच्या दाराशी बसली होती. तिनं मान वर केली नाही. भूकंपात तिची एकुलती एक लेक राणी गेली होती.

तिथलं तिथं राहत नाही, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या गावच्या पोरींतल्या कुणी लातूरला गेल्या, कुणी पुण्याला. काही नव्या गावठाणात, सरकारी रांगांतल्या घरांत राहिल्या. मी नांदेडला शिकले, लग्न केलं, एका क्लासच्या ऑफिसात लागले. बॅचा लावायच्या, हजेरी बघायची, पालकांचे फोन घ्यायचे. जोडीला गोष्टी लिहायचे. दिवाळी अंकांत एक-दोन छापूनही आल्या. पण वाचून "हाव, आसंच होतं" म्हणणारं जवळ कुणी नव्हतं. म्हणून मोबाइलवर आपला ग्रुप काढला आणि नाव ठेवलं 'पात'. खुरपताना जिची ओळ, म्हणजे पात, आधी संपायची ती मागं वळून मागे राहिलेलीच्या पातीला हात लावायची. इथंही तेच करायचं ठरलं. आपलं लिहून झालं की दुसरीला लिहितं करायचं.

नियम मी पहिल्याच दिवशी टाकले. रविवारी एकीनं लिहायचं. फॉरवर्ड बंद. अंगठा आणि "छान" बंद. वाचलं असेल तर लिहिणारीला एक प्रश्न विचारायचा, म्हणजे तिला पुढचं सुचेल. टाइप न येणारीनं बोलून पाठवायचं, मी उतरवून देईन. बरेच महिने मी एकटीच लिहीत होते. मग एकीनं आडावरचं भांडण लिहिलं. लगेच दुसरी उठली, "खोटं नको लिहू. घागर माझी फुटली होती, तुझी न्हाई." तिथून ग्रुप चालू झाला.

आक्का सगळं वाचायची, लिहायची नाही. फोन केला की म्हणायची, "मला काय येतंय बाई. तुम्ही शिकलेल्या, तुम्ही लिव्हा." मी विचारत राहिले. तिनं कधीतरी दोन ओळी लिहाव्यात, खरं तर एवढ्यासाठीच मी हा पसारा मांडला होता.

मधल्या काळात उमरी, भोकर, बिलोलीच्या बायका ग्रुपात आल्या. मुलांच्या क्लासपायी नवरा, सासू, शेत मागं ठेवून नांदेडात एका खोलीत गॅस मांडून राहणाऱ्या. ऑफिसात फी भरायला आल्या की कारण नसताना रेंगाळायच्या. एक म्हणाली, "मॅडम, पोरगं दिवसभर क्लासला. मी भिताडासंगं बोलून राहिले." तिला घेतलं. तिनं शेजारणीला आणलं. त्याही घर सोडून आलेल्या. त्यांना नाही म्हणणं मला जमलं नाही.

आणि एका रविवारी आक्कानं लिहिलं. स्वतः, एका बोटानं.

"राणी दुसरीत हाय. पाढे बिनचूक म्हणती. गणपती बोळवून आली, पाय चिखलानं भरलेले. म्हणली आई झोप आली. म्हणलं निज, सकाळी धुऊ."

एवढंच. ऑफिसात रविवारची टेस्ट चालू होती. भूकंप त्याच पहाटे झाला होता. आपल्या गावच्या एकीलाही काही विचारता आलं नाही. नव्या बायकांना राणी माहीत नव्हती. नियम मात्र पाठ होता.

"ताई, गणित चांगलं दिसतंय. पुढं काय ठरवलंय राणीचं?"

"स्कॉलरशिपला बसवा. मग फाउंडेशनचा क्लास."

"लातूरला टाकणार का नांदेडला? आमच्या शेजारची खोली रिकामी व्हायलीय."

मी काही लिहिणार तोवर आक्काची उत्तरं येऊ लागली. "हाव." "आमच्या मालकाला इचारते." "खोलीत नळ हाय का?"

मी तिला फोन लावला. "आक्का, त्यांना ठाऊक न्हवतं गं. मी सांगते सगळ्यांना."

"सांगू नको. वाईट काय म्हणल्या त्या? इतक्या वर्षांत राणीचं पुढचं कुणी इचारलंच न्हवतं. समदे मागचंच इचारतेत. पन आता मी लिव्हणार न्हाई. त्यांनी तिला नांदेडला नेली. तेवढी मोठी राणी मला वळखू येईना."

त्याच आठवड्यात ती ग्रुपातून गेली. आपल्या गावच्या बाकीच्याही गप्प झाल्या. ग्रुप आहे अजून. खोली कुठं मिळेल, मेसचा डबा कुठला बरा, हे त्यावर विचारलं जातं आणि मी लगेच उत्तर देते. रागावण्यासारखं कुणी काही केलेलं नाही, म्हणून रागही येत नाही. आई आता नाही. गावठाणात गेले की आक्का चहा करते, ग्रुपचं नाव काढत नाही.

तुमचं घर कुठलं, असं कुणी विचारलं की मी नांदेड सांगते. पत्ता तोच आहे. पण माझं घर म्हणजे राणी कोण हे ज्यांना सांगावं लागत नाही, तेवढीच माणसं. ती दर वर्षी थोडी कमी होतात. त्यांच्या जागी कुणाला आत घेता येईल, असा एकही नियम मला करता आलेला नाही.