मोराच्या कुंडीतली पात

मामी कुणाच्याही घरी गेल्या, की पाणी पिण्याआधी त्या घरच्या कांद्याच्या टोपलीत हात घालायच्या. एक कांदा उचलायचा, मानेपाशी अंगठ्यानं दाबायचा आणि निकाल द्यायचा. "पानी उशिरा तोडलंय. दिवाळीपतूर सडंल." चहा ठेवायला गेलेली घरची बाई आतल्या आत ओशाळायची. मिरजगावच्या आसपासचे शेतकरी वावराचा फोटो मोबाईलवर घेऊन यायचे आणि विचारायचे, "मामी, पानी कधी तोडू?" पातीनं माना टाकल्या, की पाणी बंद करायचं, म्हणजे खालचा कांदा आवळतो आणि कांदे साठवायच्या चाळीत टिकतो, एवढं तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण नेमका दिवस सांगावा तो मामींनीच. तीन वर्षांत तो चुकलेला मी पाहिला नाही.

मी तिथल्या शाळेत शिक्षक होतो आणि मामींच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. शहरातून आलेला, त्यामुळे त्या घरात माझ्या अकलेला भाव यथातथाच. "सर, तुमी पुस्तकातलं सांगा, मातीतलं आमाला इचारा," असं पहिल्याच आठवड्यात बजावलं गेलं होतं. एकदा मी बाजारातून किलोभर कांदे आणले, तर मामींनी ते दोन बोटांत धरून पाहिले, मला परत करायला पाठवलं आणि पिशवी आपल्या चाळीतून भरून दिली. वाद घालायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचंही.

मामींचे यजमान, म्हणजे मामा, हे अगदी दुसऱ्या टोकाचं माणूस. बोलणं कमी, खाणं भरपूर. जेवायला बसले, की कांदा ताटाशेजारी ठेवून त्यावर एक बुक्की मारायचे. चिरलेला कांदा त्यांना पाहुण्यांचा वाटायचा. मी राहायला येण्याआधी एकदा शिंगणापूरहून दर्शन घेऊन येताना त्यांनी रस्त्यावरून सिमेंटची एक मोठी कुंडी आणली. तिच्यावर निळा मोर होता, पिसारा फुलवलेला, तोंड मात्र कोंबडीचं. मामी म्हणाल्या, "ह्यात काय लावू, तुमचं डोस्कं?" मामा नुसते हसले. कुंडी ओट्यावर चार वर्षं रिकामी उभी होती आणि मामा दर सोमवारी ओल्या फडक्यानं मोर पुसायचे.

मग मामांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. नगरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, वजन वाढलं तरच पुढचं औषध सुरू करता येईल, नाहीतर शरीराला ते झेपणार नाही. कांदा बंद झाला. मऊ भात, मुगाचं वरण, आणि मामा दोन घासांत ताट सरकवायचे. "माती लागती," एवढंच म्हणायचे. एकदा त्यांनी चोरून कांद्याची एक पाकळी खाल्ली आणि दिवसभर अंथरुणावर तळमळले. मामी रोज सकाळी त्यांना धरून चाळीत न्यायच्या, कांदा तोलायच्या काट्यावर उभं करायच्या आणि आकडा खांबावर खडूनं लिहायच्या. तो खांब मी शाळेत जाताना रोज बघायचो. आकडा उतरतच होता.

दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी एक वाट दाखवली. चाइव्ह नावाची एक बारीक पात असते, केसासारखी. कात्रीनं कापून चिमूटभर भातावर घाला. कांद्याचा वास येईल आणि बहुधा सोसेल. रोप आणायला मी पुण्याला गेलो. नर्सरीवाल्यानं रोप हातात देताना बजावलं, "याला कांदा समजू नका. खाली काही धरत नाही, पातच खायची. आणि पाणी तोडू नका."

मी ते रोप एसटीत मांडीवर घेऊन आलो. दारातच मामींनी ते माझ्या हातातून घेतलं, एक पात चुरगळून हुंगली. "कांद्याच्याच जातीचं हाय. बास. आता तुमी बाजूला व्हा." मी बाजूला झालो. नर्सरीवाल्याचं बोलणं माझ्या तोंडातच राहिलं.

मामींनी रोप मोराच्या कुंडीत लावलं, कारण ती कुंडी मामांच्या खाटेवरून दिसायची. आठवड्याभरानं पहिली पात कापली. मामांनी घास घेतला, थांबले, दुसरा घेतला. "चव हाय," म्हणाले. मामी पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या. त्या दिवसापासून मामा जेवायला बसताना विचारायचे, "मोराचं हाय ना?" खांबावरचा आकडा आधी थांबला, मग अर्ध्या किलोनं वर चढला, मग आणखी अर्ध्या. मला शाळेत जाताना शीळ घालावीशी वाटायची.

चैत्राच्या उन्हात पात लांब झाली आणि कुंडीच्या काठावरून खाली लवली. मामी सकाळीच माझ्या दारात. "सर, माना पडल्या!" सहा महिन्यांत त्यांना इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. "पात येवढी सोसती, मंग खालचा कांदा किती गोड आसंल! आता आठ दिस पानी तोडते, पातीला हात लावायचा न्हाई. मामा बुक्की मारून खातील बघा."

मला माहीत होतं. कप हातात होता, शब्द जिभेवर होते. "मामी, पण..." मी म्हणालो.

"पन बिन काय न्हाई. मला कांदा शिकिवता व्हय?"

मी कप विसळायला आत गेलो. आठ दिवसांत काय होतंय, असं स्वतःला समजावलं. त्यांचं ते हसू मोडायचा मला धीर झाला नाही. भित्रेपणाला मी तेव्हा आदर म्हणत होतो.

आठ दिवस मामा बिनपातीचा भात चिवडत राहिले. "थांबा, कांदा येतोय," मामी सांगायच्या, आणि मामा खाटेवरून वाळत चाललेल्या कुंडीकडे आशेनं बघायचे. नवव्या दिवशी मामींनी खुरपं घातलं. खाली पांढरी तंतुमुळं निघाली. मामींनी सगळी माती ओट्यावर ओतली आणि एकेक ढेकूळ बोटांनी फोडलं. शेवटचं ढेकूळ फोडून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

"न्हाई पोसला का?" मामांनी विचारलं.

"पोसंल. आजून कवळा हाय," मामी म्हणाल्या.

ठोंब परत लावून त्यावर तांब्यानं पाणी घातलं, पण नवी पात काही फुटेना. मी त्याच दिवशी पुणं गाठलं, पण रोपं संपली होती. मामींनी साधी कांद्याची पात सात पाण्यांनी धुतली, उकडली, पिळली. मामांना तीही सोसली नाही. मग मामी हातात चमचा घेऊन नुसत्या विनवत बसायच्या, "येक घास. माज्यासाटी येक." खांबावरचा आकडा चढला होता त्याच्याही खाली गेला. एक दिवस मामींनी काट्यावर गोणपाट टाकलं. पुढचं औषध द्यायला डॉक्टरांनी नकार दिला आणि वैशाख संपायच्या आत मामा गेले.

दिवसकार्य उरकल्यावर मी म्हणालो, "मामी, चार पातींनी माणूस वाचत नसतो."

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "वाचले नसतेच. पर श्येवटचा म्हैना त्यांनी बिनचवीचं खाल्लं, सर. माज्यामुळं."

खाली कांदा धरत नाही हे मला आधीपासून माहीत होतं, हे तेव्हा सांगायला हवं होतं.

कुंडीतला ठोंब पुढं पुन्हा फुटला. मामी त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घालत, पण पात कधी कापत नसत. त्या हंगामात शेतकरी फोटो घेऊन आले. "मामी, पानी कधी तोडू?" मामी मोबाईलकडे न बघता म्हणाल्या, "मला न्हाई कळत त्यातलं." कुणाच्या टोपलीत हात घातलेलाही मी नंतर पाहिला नाही. एवढं जाणणारी बाई, आणि ते सगळं तिनं टाकून दिलं.

वर्षभरानं माझी बदली झाली. निघताना मामींनी त्या ठोंबाचा एक फुटवा ओल्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिला.

"सर, तुमाला मातीतलं ठावं न्हाई म्हनून सांगते," त्या म्हणाल्या. "ह्याला खाली कांदा धरत न्हाई. पानी तोडू नगा."

मी म्हणालो, "बरं, मामी."