शिवून दिलेली सीट

जुन्या जालन्याच्या नसीमआपांचं नाव मी आधी लिहिते. त्या नसत्या तर माझी सई एका विमानात आणि तिची सीट कुठंतरी सामानाच्या ढिगात, असं झालं असतं. नाव लिहिलं, आता काय झालं ते सांगते. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळं सांगताना कुठं मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

आम्ही राहतो ते गाव अमेरिकेत, मक्याच्या मुलखात. सईचे पप्पा आधी नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत होते. तिथून ते इकडं आले आणि मागून मी आले. सई इथंच झाली. इथं लेकराला मांडीवर घेऊन मोटारीत बसता येत नाही. त्याची वेगळी सीट असते. प्लास्टिकची, खोलगट, सुपासारखी. तिचे पट्टे खांद्यांवरून आणि पायांमधून येतात आणि पोटावर एका खटक्यात अडकतात. सई जन्मली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाई आमच्याबरोबर खाली गाडीपर्यंत आल्या, त्यांनी सीट दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि मगच पोरीला घरी नेऊ दिलं. मला तेव्हा वाटलं होतं, आईपेक्षा या देशाला त्या खुर्चीचाच भरवसा जास्त. पुढं मलाही तोच भरवसा लागला. सई रडायला लागली की मी तिला घरातसुद्धा त्या सीटमध्ये बसवायची आणि ती गपगार झोपायची.

त्या वर्षी आम्ही दिवाळीला तीर्थपुरीला, माझ्या सासरी आलो. पप्पांची सुट्टी संपली, ते परत गेले. मी आणि सई संक्रांतीपर्यंत राहिलो. जाताना त्यांनी मला पुन्हा पुन्हा बजावलं, की सीट सामानात टाकू नको. सामानात ती आपटते, आतून तडकली तरी बाहेरून दिसत नाही. लंडनला विमान बदलताना मागं राहिली तर शिकागोपासून घरापर्यंत तीन तासांचा बर्फाचा रस्ता, पोरीला बसवायचं कशात? सईचं तिकीट वेगळं काढलं होतं ते त्याचसाठी. विमानात खिडकीच्या जागेवर ही सीट ठेवायची, विमानाचा पट्टा तिच्या पाठीमागून ओवून आवळायचा आणि सईला तिच्यात बसवायचं. येताना हे सगळं त्यांनीच केलं होतं. मी नुसती सईचा हात धरून चालत होते.

सासरे एकदा जेवताना म्हणाले, "पोरीला ऱ्हाऊ दे इथंच. उन्हाळ्यात तो येऊन घेऊन जाईल. तुला एकटीला न्हाई जमायचं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजीच होती. मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. पण मनात तेव्हाच ठरवलं, की पोरीला मीच नेणार, आणि तिच्या सीटसकट नेणार.

निघायच्या आधी चार दिवस मी माहेरी होते, घनसावंगीच्या जवळ. तिथं मायनं सीट बघितली, हात फिरवला आणि म्हणाली, पलास्टिकवर लेकराची पाठ गार पडंल. मग तिनं तिची जुनी लुगडी काढली. अंगणात उन्हाला बसून तिनं सीटच्या मापाची वाकळ (गोधडी) केली. हिरव्या लुगड्याचा काठ वर घेतला, पट्टे बाहेर यायला चिरा ठेवल्या. नुसती पांघरून दिली असती तर ती माय कसली. आमच्याकडं परमुलखात जाणारी वस्तू शिवूनच देतात. पार्सल असो नाहीतर पापडाचा डबा, वरून कापड आणि कापडाला टाका. वाटेत कुणी उघडू नये, काही सांडू नये. मायनं दुहेरी दोऱ्यानं ती वाकळ सीटभोवती सगळीकडून शिवून टाकली, तुरीच्या पोत्याचं तोंड शिवतात तशी. तिच्या टाक्यांकडं बघत मला झोप येत होती. सुई आत जायची, बाहेर यायची, पलीकडं उसाच्या पात्यांचा आवाज यायचा. मी नको म्हणाले नाही. कशाला म्हणावं, हेच माहीत नव्हतं.

निघालो त्या सकाळी धुकं होतं. उसाचे तुरे तेवढे धुक्यावर दिसत होते, जसं काही खाली जमीनच नाही. विष्णूदादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मुंबईपर्यंत सोडायला आला होता. वडाप जीपवाल्यानं विचारलं, किती सीट? दादा म्हणाला, तीन. जीपवाला म्हणाला, "मला तर पोरगी धरून अडीचच दिसून राह्यले." दादानं वाकळीतल्या गाठोड्याकडं बोट दाखवलं आणि सांगितलं, ही सीट आहे. जीपवाल्यानं तिला वरून खालून पाहिलं. "सीटला बी सीट लागती का? मंग तिला मांडीवर घ्या."

जीपमधली माणसं खुदखुदून हसली. शेवटी सीट दादाच्या मांडीवर आणि सई माझ्या मांडीवर, असे आम्ही जालन्याला पोहोचलो. ज्या कामासाठी ती सीट केली, नेमकं तेच जमलं नाही. मी सगळा रस्ता सईला दोन्ही हातांनी आवळून बसले होते.

जालन्याहून रेल्वे. दिवसाची गाडी होती, खिडकीची जागा मिळाली, आणि गाडीत मात्र सीटला खरोखर स्वतःची जागा मिळाली. सई तिच्यात बसून बाहेर बघत होती. कापसाची वेचून झालेली शेतं, एखादं बाभळीचं झाड, मग दौलताबादचा किल्ला हळूहळू आला आणि बराच वेळ आमच्याबरोबर चालल्यासारखा राहिला. समोर एक म्हातारे बाबा होते. त्यांनी पट्टे बघितले आणि विचारलं, "लेकराला बांधून ठेवलं? एवढी वांड हाय का?" मी सांगितलं, अमेरिकेत सगळ्यांनाच बांधतात. बाबांनी पट्टा ओढून पाहिला. मग म्हणाले, म्हाताऱ्यांसाठी असली तर एक माझ्यासाठी घेऊन ये, बैलगाडीत लय हादरे बसतात.

मुंबईत दादाच्या मित्राकडं उतरलो. दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं. दादानं सीट तिच्याच पट्ट्यांनी माझ्या पाठीवर अडकवून दिली, दप्तरासारखी. एका हातात सई, दुसऱ्या हातात ढकलगाडी. दारावर पोलिसानं दादाला थांबवलं. तो काचेपलीकडं उभा राहिला, आणि चार पावलांवर मी एकदम परक्या मुलखात आले.

रांगेत माझ्यामागं एक बाई होत्या, जांभळी शाल, हातात तस्बीह (जपमाळ). सईनं ती ओढली. मी सईला मराठीत दटावलं तर त्या म्हणाल्या, "खेलू दे, माय. कुठल्या तुम्ही?" जालना म्हटलं तर त्यांचा चेहराच उजळला. त्या नसीमआपा. लंडनला लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. विमानात कधी बसल्या नव्हत्या. त्यांच्या गल्लीतलेच एक गृहस्थ त्याच विमानानं जाणार होते, आपांना लेकीच्या हाती देईपर्यंतची जबाबदारी त्यांच्यावर. ते पलीकडच्या रांगेत होते आणि त्यांचं काम आधी झालं होतं.

विमान कंपनीच्या खिडकीवरच्या मुलीनं सीट पाहिली आणि लेबल दाखवा म्हणाली. दादानं पट्ट्याला नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी बांधली होती, मी ती दाखवली. ती मान हलवत हिंदीतून समजावू लागली, की सीट विमानात चालते असं ती बनवणाऱ्या कंपनीनं तिच्यावर छापलेलं असतं, ते बघितल्याशिवाय आत नेता येत नाही. नाहीतर सामानात द्या. तिनं सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर सीट आडवी करून पाहिली. चारी बाजूंनी मायचे टाके. तिनं तिच्या साहेबांना बोलावलं. साहेब शांतपणे म्हणाले, दिसत नाही तर सामानात.

माझ्या कानात सासऱ्यांचा आवाज आला.  नसीमआपांनी मागून विचारलं, "क्या देखना है इनको?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "है क्या लिखेला?"

तेव्हा मला आठवलं. सीटच्या डाव्या अंगाला, खाली, लाल अक्षरं होती. सईचं दूध तिथंच सांडायचं. मी रोज ती अक्षरं फडक्यानं पुसायची. वाचली कधीच नव्हती. लाल होती एवढं मात्र पक्कं ठाऊक.

साहेबांनी आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, उघडून आणा म्हणाले. कात्री कुणाजवळ नाही, विमानात नेऊ देत नाहीत म्हणून सुईसुद्धा कुणी हाताशी ठेवलेली नव्हती. मी सीट फरशीवर ठेवली आणि टाक्याला नख लावलं, पण हात चालेना. डोळ्यांसमोर अंगणातली माय. मी दोरा ओढून तोडायला गेले तर आपांनी माझं मनगट धरलं.

"तोडू नक्को. मायनं घातलेलं हाय. गाठ कुठंय, ती सांग."

मी म्हणाले, माय गाठ आतल्या बाजूला सारते, उजव्या कोपऱ्यात. आपा तिथंच फरशीवर मांडी घालून बसल्या. वाकळीचा कोपरा त्यांनी उलटा केला, बोटानं चाचपला आणि दातांत धरून गाठ सैल केली. मग एकेक टाका नखानं उचलून मागं काढायला लागल्या. सई त्यांच्या मांडीवर, तस्बीह गळ्यात घालून. आपल्या मागची माणसं त्यांनी पुढं जाऊ दिली. मध्येच ते गृहस्थ आले, म्हणाले, खाला (मावशी), चला, आत अजून तपासणीची मोठी रांग आहे. आपांनी मान वर केली नाही. "तुम चलो. इसका होने दो."

ते थोडा वेळ घुटमळले आणि गेले. मी म्हणाले, आपा, जा तुम्ही, चुकामूक होईल. त्या म्हणाल्या, "मेरे साथ मुंह है, पूछ लूंगी. तेरे साथ लेकरू हाय."

डावी बाजू मोकळी झाली. वाकळीचं पान वर केलं तर खाली लाल अक्षरं, वाळलेल्या दुधाचा एक ओघळ त्यांच्यावर. मुलीनं वाकून वाचलं, साहेबांनी वाचलं, आणि म्हणाले, ठीक है, खिडकी की सीट. सगळा दोरा अखंड निघाला होता. आपांनी तो बोटावर गुंडाळला आणि माझ्या पिशवीत घातला. उशीर झाल्यानं त्यांना जागा मिळाली ती अगदी मागची, मधली. त्यांचे गृहस्थ पुढं कुठंतरी.

विमानात जायची वाट अरुंद असते. सीट पाठीवरून काढून डोक्याएवढी उंच धरावी लागते, नाहीतर बसलेल्यांच्या खांद्याला लागते. मी माफ करा, माफ करा म्हणत गेले. पट्टा पाठीमागून ओवला, गुडघा देऊन आवळला, पप्पांनी केलं होतं तसं. सई बसली. विमान वर गेलं तेव्हा तिनं वाकळीचं सुटलेलं पान गालाशी घेतलं आणि झोपली. बाहेर ढग कापसाच्या गंजीसारखे पसरलेले. मला वाटत राहिलं, की खाली अजून आमचाच ऊस आहे, धुकं तेवढं दाट झालंय. किती वेळ ऊन तसंच रेंगाळत राहिलं कोण जाणे. मी झोपले का जागी होते, तेही सांगता येणार नाही.

लंडनला उतरताना माझी पुढच्या विमानाची घाई. विमान कंपनीची एक बाई माझ्या नावाची पाटी घेऊन उभी होती, पटपट चला म्हणत होती. मी मागं वळून पाहिलं. गर्दीत जांभळी शाल दिसली. आपा एकट्याच होत्या, वरच्या पाट्यांकडं बघत, ते गृहस्थ कुठं दिसेनात. मी थांबले. पाठीवर सीट, कडेवर सई. त्यांनी मला पाहिलं आणि हात हलवला, बोलवायला नाही, हाकलायला. "जा, जा. लेकरू संभाल." बाईनं माझी ढकलगाडी ओढली आणि मी वळणाच्या पलीकडं गेले.

शिकागोला बर्फ पडत होता. पप्पांनी सीट गाडीत ठेवली, दोन्ही हातांनी हलवून पाहिली, सईला पट्टे लावले. मग वाकळीकडं बघून म्हणाले, हे काय? मी सांगेन म्हटलं. तीन तास बर्फावरून गाडी चालली, मागं सईचा श्वास ऐकू येत होता. घरी पोहोचल्यावर मी तीर्थपुरीला फोन लावला. सासरे एवढंच म्हणाले, "पोचल्या दोघी? बरं झालं." मला त्यात सगळं ऐकू आलं.

आपांचा पत्ता मी घेतला नाही. लेक त्यांना भेटली असेल, भेटलीच असेल, असं मी मनाला सांगते आणि तरी ते वळण डोळ्यांपुढून जात नाही. माझ्यासाठी त्यांनी त्यांची सोबत सोडली. म्हणून हे लिहून ठेवते. जालन्याला आले की जुन्या जालन्यात गल्लोगल्ली विचारीन, लंडनला लेक असलेल्या नसीमआपा कुठं राहतात म्हणून. आणि पुढं कधी त्यांना लेकीकडं जायचं असेल तेव्हा मी त्यांच्या दारात उभी राहीन. तिथून लेकीच्या दारापर्यंत त्यांच्या बाजूच्या जागेवर मी बसेन.