हुगळीकाठी आम्ही साप शोधतो

मला सापांची भीती वाटत नाही. साप ज्या जिल्ह्यात असेल त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात आपण असावं, एवढीच माझी माफक अपेक्षा असते.

पण आमची लेक सई प्राणिशास्त्र शिकते आणि कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिला नदीकाठचे साप बघायचे होते. मोकळे, जिवंत, स्वतःच्या मर्जीने हिंडणारे! (काचेमागचे साप बघावेत असं मी सुचवलं होतं. तिने माझ्याकडे नुसतं दयेने पाहिलं.) बरोबर येणारी मैत्रीण ऐन वेळी तापाने आडवी झाली आणि शनिवारी जेवताना सई म्हणाली, "बाबा, तू येशील? की तू भीती पावतोस?"

सई दोन वर्षांची असताना रेल्वेने माझी बदली कोलकात्याला केली, त्यामुळे तिचं मराठी बंगालीत बुडवून काढलेलं आहे. तिच्या मराठीत माणसं भीती पावतात.

"मी? भीती? अगं, मी साताऱ्याचा आहे!" मी म्हणालो. (याचा सापांशी काय संबंध, ते मलाही माहीत नाही.)

"मग मीपण येते," बायको म्हणाली. मंजिरीला सापात रस नव्हता. "पलीकडे भाजी ताजी मिळते."

रविवारी सकाळी गार्डन रीचच्या घाटावर मी हजर झालो तो गुडघ्यापर्यंतचे गमबूट, आत दोन जोड मोजे, हातात काठी आणि डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट अशा थाटात.

"हेल्मेट कशाला?" सईने विचारलं.

"साप झाडावरून पडतात."

"बाबा, तिकडे झाडंच नाहीत."

"मग आणखी कुठून पडले तर?"

लाँचने नदी ओलांडून आम्ही हावड्याच्या बाजूला उतरलो आणि काठाकाठाने चालत एका तळ्याशी पोचलो. एकीकडे हुगळी, एकीकडे तळं, मध्ये पुरुषभर उंचीचं गवत. सई पुढे, पावलांचा आवाजही न करता. मागे मी, दर पावलाला काठी आपटत.

"बाबा, आपटू नको! अशाने सगळे साप पळून जातील!"

"असं होय?" मी म्हणालो आणि सई पुढे वळताच जरा जोरात आपटली.

तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एक म्हातारी मासी (म्हणजे बंगाली मावशी) कलमी तोडत होती. पाण्यात वाढणारी ही लांब देठांची पालेभाजी मंजिरीचा जीव की प्राण. मासीने मला बंगालीत विचारलं, काय शोधताय?

"साप," मी म्हणालो.

"शाप?" ती खुश होऊन म्हणाली. "शाप चाई?"

बंगालीत सापाला शाप म्हणतात हे मला सतरा वर्षांपासून माहीत आहे. तरी सकाळी सकाळी कुणी 'शाप हवाय का' असं प्रेमाने विचारलं की मराठी माणूस दचकतोच! मी दोन पावलं मागे सरलो. मागे चिखल होता. उजवा बूट आत गेला तो गेलाच. मासीने एका बाजूने आणि मंजिरीने दुसऱ्या बाजूने ओढून मला बाहेर काढलं. बूट काढायला आणखी दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ मंजिरीची पिशवी, दोन जुड्या ओल्या कलमीसह, काठावरच्या गवतात पडून होती.

दोन तासांत एकही साप दिसला नाही. सईचं तोंड एवढंसं झालं. मी मात्र परतीच्या लाँचमध्ये बाकावर बसून तिला समजावत होतो, "निसर्ग असाच असतो गं. मलाही फार वाईट वाटतंय." (माझ्या आयुष्यातली ही सर्वांत आनंदाची रविवारची दुपार होती.)

तेवढ्यात माझ्या मांडीवरच्या पिशवीतली भाजी हलली.

कलमीच्या पानांतून एक डोकं वर आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. पुढचं मला आठवतं ते एवढंच, की मी लाइफ जॅकेटच्या पेटीवर उभा होतो आणि एक भयंकर आवाज ऐकू येत होता. तो आवाज माझाच होता.

"शाप! शाप!" लाँचभर एकच कालवा! माणसं एका बाजूला पळाली, लाँच तिकडे कलली, चालक खिडकीतून ओरडू लागला, एका सायकलीने दुसरीला पाडलं. पिशवी फळीवर आडवी, साप अर्धा बाहेर, आणि एक गृहस्थ मिटलेली छत्री उगारून पुढे आले.

"मारबेन ना! बिष नेई!" मारू नका, विषारी नाही, असं सई किंचाळली आणि सापाच्या आणि छत्रीच्या मध्ये जाऊन गुडघ्यांवर बसली. "दिवड आहे, आई! पिल्लू आहे! चिरडून जाईल!"

मंजिरीने त्या गृहस्थांच्या हातातली छत्री काढून घेतली. मग वर बघून म्हणाली, "अहो, उतरा! लोक बघतायत!"

"बघू देत!"

"बाबा," सई म्हणाली. तिचा आवाज कापत होता. "पिशवी धर ना. माझे हात पुरत नाहीत."

तिला सापाची भीती नव्हती, सापासाठी वाटत होती. मी उतरलो. कसा, ते विचारू नका. मी पिशवीचं तोंड उघडं धरलं, सईने मागून हळूच फळीवर टिचकी मारली, आणि ते पिल्लू आपणहून कलमीच्या अंधारात सरकलं. मंजिरीने ओढणीने पिशवी बांधली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मधूनमधून काहीतरी थंडगार मांडीला टेकत होतं.

गार्डन रीच आलं. मी उठणार, तोच सई म्हणाली, "बाबा, पिल्लाचं घर पलीकडे आहे."

म्हणून त्याच लाँचने आम्ही पुन्हा नदी ओलांडली. आख्खा बाक आम्हाला मिळाला! तळ्याकाठी मी स्वतःच्या हाताने गाठ सोडली. साप पाण्यात गेला. सईने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "बाबा, तू फार भालो आहेस." (भालो म्हणजे चांगला.) त्या एका वाक्यावर मी आठवडाभर ऑफिसात छाती काढून हिंडलो.

आठवड्याने तिने अहवाल वाचायला दिला. एका पानावर लिहिलं होतं : 'प्रौढ नर. धोका जाणवताच मोठ्याने आवाज करत उंच जागी चढला. काही वेळाने आपणहून खाली आला. निरुपद्रवी. पिल्लाची काळजी घेतो.'

मी भारावून गेलो. म्हटलं, "सई, एवढ्या गडबडीत किती बारीक निरीक्षण! पण ते तर पिल्लू होतं ना? आणि साप एवढा मोठा आवाज करतो?"

"बाबा," ती म्हणाली, "सापाची माहिती मागच्या पानावर आहे."