पारापाशी दिवे बंद करणार नाही

माझ्या गाडीचे दिवे मी बदलले, याचा गावात कुणाला त्रास व्हायचं काही कारण नव्हतं. तरी झाला. ज्यांना झाला ते भेटले तर मी आजही नमस्कार करते, पण दिवे बंद करत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी माझं मन वळलं असेल अशी आशा कुणी धरायला नको.

दौंडला रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये मी काम करते. गाव शिरूर तालुक्यात, इनामगावच्या जरा अलीकडं. घरात मी आणि वडील, दोघंच. वडील रेल्वेत गँगमन होते, उन्हातान्हात रूळ सांभाळून निवृत्त झाले. गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची, पण आमच्या बौद्ध वस्तीत बाईनं घेतलेली आणि बाईच चालवते अशी पहिलीच. तिचं बाकी सगळं ठीक होतं, दिवे मात्र नावाला होते. समोरच्या काचा पिवळ्या पडलेल्या, आतले बल्ब मरतुकडे. उन्हाळ्यात खपून जायचं, कारण घरी पोचेपर्यंत उजेड असायचा. थंडीत सहा वाजले की अंधार, आणि उसाचा हंगामही नेमका थंडीतच. एकेका ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, पुढं कानठळ्या बसवणारी गाणी, आणि मागं लाल दिवा सोडाच, चमकणारी पट्टीसुद्धा नाही. एका संध्याकाळी अशीच एक ट्रॉली चाक मोडून रस्त्यात उभी होती. मला ती दिसली तेव्हा उसाची टोकं माझ्या काचेला लागायच्या बेतात होती. ब्रेक लागला म्हणून हे लिहायला मी आहे.

दुसऱ्याच दिवशी दौंडात गाड्यांची वायरिंग करणाऱ्याकडं गेले. त्यानं आधी विचारलं, साहेब कुठायत. साहेब मीच, म्हटलं. मग त्यानं निळसर पांढरे, डोळे फोडणारे बल्ब पुढं केले आणि म्हणाला, ताई, हे लावले की समोरचा आपोआप बाजूला होतो. मला कुणाला बाजूला करायचं नव्हतं, रस्ता बघायचा होता. पिवळ्या काचा घासून घेतल्या, चांगल्या उजेडाचे पण साधे बल्ब निवडले, बॅटरीपासून थेट नवी वायर ओढायला लावली. मग गाडी भिंतीसमोर उभी करून फोकस नीट बसवून घेतला. डिपरवर, म्हणजे दिवे खाली केलेले असताना, उजेड समोरच्या माणसाच्या कमरेवर चढायला नको, एवढं मी त्याला बजावलं. तो म्हणाला, इतकं कुणी बघत नाही ताई. मी बघते, म्हटलं. दिवसभर लॅबमध्ये दुसरं काय करते?

त्या संध्याकाळी तो रोजचा रस्ता मला पहिल्यांदा दिसला. खड्डे दिसले, बाभळी दिसल्या, कडेनं चाललेली माणसं लांबूनच दिसली. इतकं बरं वाटलं की मी गाडीत एकटीच गात आले.

आमच्या वस्तीला जायला डांबरी रस्ता एकच, आणि तो गावच्या पारावरून जातो. वडाभोवती दगडी ओटा आहे, त्यावर संध्याकाळी गावातली जाणती मंडळी बसतात. सोसायटीची निवडणूक, दुधाचा भाव, कुणाचं लग्न कुठं ठरतंय, सगळा कारभार तिथनंच चालतो. बायका तिथं बसत नाहीत. आमच्या वस्तीतलंही कुणी बसत नाही. नियम म्हणून कुठं लिहिलेला नाही. विचारलंत तर म्हणतील, बसा की, कोण नको म्हणतंय? पलीकडं इनामगावला लोकांनी जमीन उकरून हजारो वर्षांपूर्वीची घरं बाहेर काढली. आमच्या पाराला उकरायची गरज नाही, सगळं वरच आहे.

बल्ब बसवून आठवडा झाला नसेल, तोच पारावरच्या आप्पांनी हात करून गाडी थांबवली. आप्पा म्हणजे सोसायटीचे जुने चेअरमन. त्यांची साखर आमच्याच लॅबमध्ये तपासली जायची. माझ्यापुढं बाही वर करून बसायचे, सुई टोचताना तोंड फिरवायचे, आणि गावच्या पोरीचा हात हलका आहे म्हणून सांगायचे. मी काच खाली केली.

"बाय, पारापाशी आलीस की दिवं बंद करीत जा," आप्पा म्हणाले. "म्हातारी माणसं बसत्यात. डोळ्यावर येतंय."

मला ते खरं वाटलं. म्हाताऱ्या डोळ्यांना त्रास होत असेल, फोकस हलला असेल, असं धरून मी परत दौंडला दुकानात गेले आणि उजेड आणखी खाली घ्यायला लावला. वायरिंगवाला हसला. आता रस्ता पुन्हा हातभरच दिसायला लागला. चार दिवसांनी आप्पांनी पुन्हा हात केला. अजून येतंय म्हणाले. खाली घेतलाय, म्हटलं. तर म्हणाले, खालीवर काय न्हाई, बंदच करीत जा.

त्याच आठवड्यात भीमा ओलांडून मी येत होते. कडेनं ऊसतोडीची माणसं कोपीकडं, आपल्या पाचटाच्या झोपड्यांकडं परतत होती. त्यांच्यातली एक बाई डोक्यावर वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा घेऊन चालली होती, आणि ती मला शेवटच्या क्षणी दिसली. भाऱ्याची पानं आरशाला घासली. ती ओरडली नाही, नुसती थांबली आणि भारा सावरून पुढं गेली. मी गाडी कडेला घेतली. संताप संताप होत होता. पाराचा मान राखायला मी एका बाईच्या अंगावर गाडी घालणार होते.

एक गोष्ट मी आजवर मुद्दाम बघितली नव्हती, ती आता बघायला लागले. आप्पांच्या पुतण्याकडं भली मोठी गाडी आहे, टपावर दिव्यांची अख्खी रांग. तो पारासमोरून जातो तेव्हा वडाची पारंबी न् पारंबी मोजून घ्यावी. त्याला कुणी हात करत नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. ते भाकरी खात होते. म्हणाले, पारापुरतं बंद कर की, चार पावलांचा तर रस्ता, गावात राहायचं हाय आपल्याला. आप्पांच्या बोलण्याचा आला नव्हता इतका राग मला त्यांच्या बोलण्याचा आला. मी ताटावरून उठले आणि त्या रात्री त्यांच्याशी बोलले नाही.

फोकस पुन्हा होता तिथं आणला. वडील दर गुरुवारी गुडघ्याच्या शेकासाठी माझ्याबरोबर दौंडला येतात, तसे त्या गुरुवारीही होते. परतताना पार दिसला तशी मी गाडी हळू केली आणि ओट्यापासून थोडी अलीकडं, रस्त्यातच उभी केली. दिवे डिपरवर तसेच ठेवले, हँडब्रेक ओढला आणि उतरले. वडिलांनी माझी ओढणी धरली होती, ती सोडवून घेतली. माझ्याच उजेडात मी पारापर्यंत चालत गेले. आप्पांच्या शेजारी जागा होती. मी तिथं बसले.

दगड गार होता. गप्पा चालू होत्या, त्या थांबल्या. मी गाडीकडं तोंड करून बसले आणि नीट बघितलं. उजेड रस्त्यावर पसरला होता, ओट्याच्या खालच्या दगडांना लागला होता, आमच्या पायांवर आला होता.

"आप्पा, डोळ्यावर काही येत नाही," मी म्हणाले. "चपलांवर येतंय."

आप्पा उजेडाकडं बघत नव्हते. ते माझ्याकडं, मी बसले होते त्या दगडाकडं बघत होते.

"तू हितं बसलीस व्हय," ते हळूच म्हणाले.

"बसल्याशिवाय कसं कळणार? डोळ्यावर येतंय म्हणालात, म्हणून डोळे घेऊन आले. रोज डिपर देईन, आप्पा. समोर माणूस असला की डिपर द्यायचा, ते मला ठाऊक आहे. बंद करणार नाही."

मी लगेच उठले असं नाही. थोडा वेळ बसले, कारण लगेच उठले असते तर ते पळणं झालं असतं. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण त्या ओट्यावरून गाव चांगलं दिसतं, हेही त्याच वेळी कळलं. इतकी वर्षं ही माणसं तिथून का उठत नाहीत ते समजलं.

परत गाडीत आले तेव्हा वडील मान खाली घालून बसले होते.

नंतर आभाळ कोसळलं नाही. पारावरून नमस्काराला उत्तर येईनासं झालं, तरी मी करत राहिले. आप्पांनी लॅब बदलली, आता ते रक्त तपासायला शिरूरला जातात. साखर तिथं कमी निघत असेल तर आनंद आहे. आणि महिन्याभरात ग्रामपंचायतीनं पाराच्या अगदी तोंडाशी रस्त्यात स्पीडब्रेकर घातला. गाड्या जोरात जातात, म्हातारी माणसं बसतात, असं कारण सांगितलं. तो रोख कुणावर होता ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

पण ते करायला गेले एक आणि झालं भलतंच. ब्रेकर असा बैलाच्या पाठीएवढा उंच की गाडी त्यावर चढली की नाक वर उचलतं, आणि नाकाबरोबर उजेडही. आजवर चपलांवर पडणारा डिपर आता खरोखर तोंडावर जायला लागला. माझाच नाही, पुतण्याचाही, दूधवाल्या टेम्पोचाही. यात माझा काडीचाही हात नाही. त्यांनीच घातलेला ब्रेकर आहे, आणि माझी जुनी गाडी, ती तिथं हळूच घ्यावी लागते.

पुढच्या एका गुरुवारी वडील शेजारी होते. मी गाडी ब्रेकरवर चढवली, नाक वर झालं, आणि पारावरची सगळी तोंडं लख्ख उजळली. कुणी डोळ्यांवर हात धरला, कुणी मान वळवली. आप्पा तसेच ताठ बसून राहिले. वडील पुढं वाकले होते, दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून काचेतून बघत होते. गाडी ब्रेकर उतरली तरी ते मागं टेकले नाहीत.

वस्तीच्या कमानीपाशी आल्यावर ते बोलायला लागले. नोकरीवर असताना ते फाट्यापर्यंत सायकलनं जात आणि तिथून एसटीनं दौंडला. पाराच्या अलीकडं सायकलवरून उतरायचं, ती हातात धरून चालत जायचं, आणि पार मागं पडला की पुन्हा टांग मारायची. जाताना तसं, येताना तसं, नोकरी संपेपर्यंत. हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. कुणी उतरायला लावायचं का, असं मी विचारलं.

"कुणी म्हणलं न्हवतं. आधीचे उतरायचे, म्हणून म्याबी उतरायचो. मान खाली घालून जायचो." मग म्हणाले, "तिथं कोन कोन बसतंय, ते आज बघितलं."

त्यांच्यावर रागावून ताटावरून उठलेली मी, मला तेव्हा तिथंच रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी मी डबा घेऊन बाहेर आले तर वडील धुतलेला सदरा घालून माझ्याआधीच गाडीत बसले होते. शेक काल झालाय, मी म्हटलं, आज दिवसभर दौंडला काय करणार तुम्ही?

"टेशनावर बसंन कुठंबी," ते म्हणाले. "सांजच्याला माघारी यायचं हाय ना."