मोडलेले स्क्रू: एक

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यभर एकच काम करत आले आहेत. गाड्यांचे गंजून अडकलेले स्क्रू काढणं. गॅरेजात इंजिन उघडणारे वेगळे, रंग मारणारे वेगळे; पण एखादा स्क्रू हटून बसला की हे सगळे मोठे कारागीर हात पुसतात आणि म्हणतात, "थांबांना बोलवा." थांबा हे भावोजींचं टोपणनाव. कामाला हात घालताना ते जो शब्द उच्चारतात, तोच लोकांनी त्यांना चिकटवून टाकला.

त्यांचं काम बघायचं म्हणजे शाळेला सुट्टी असावी लागते. आधी तारेच्या ब्रशनं गंज झाडायचा. मग तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि थांबायचं. मग हातोडीनं हलकी टकटक, जणू आत कोणी झोपलंय. पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. मग गॅसच्या बत्तीनं आजूबाजूचं लोखंड तापवायचं, निवू द्यायचं, पाव फेरा सोडवायचा आणि त्यातला निम्मा परत आवळायचा. "भावोजी, तुम्ही सरकारी खात्यात शोभला असता," असं मी एकदा म्हणालो. ते "हं" म्हणाले. त्यांच्या "हं"ला उत्तर नसतं, हे ताईनं मला तिच्या लग्नानंतर महिन्याभरातच सांगितलं होतं.

पण स्क्रू मोडत नसे, हे मात्र खरं. गॅरेजच्या मालकांनी त्याचा बोर्डच करून लावला होता: 'अडकलेले स्क्रू काढून मिळतील. सव्वीस वर्षं. मोडलेले स्क्रू: एकही नाही.' भावोजींना स्वतःचं कौतुक सोसत नाही, पण रोज सकाळी आत शिरताना ते त्या बोर्डावरची धूळ फडक्यानं पुसत. माणसाला मिरवायला एवढंसं काहीतरी लागतंच.

काम सुरू करण्याआधी ते प्रत्येक गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारत. "याला आधी कोणी हात लावला होता का?" आणि प्रत्येक गिऱ्हाईक कानावर हात ठेवत असे. स्क्रूची खाच झिजून वाटी झालेली असे, कडेला छिन्नीचे घाव असत, तरी साहेब म्हणणार, "छे, तसाच आणलाय." मग भावोजी ड्रिल उचलत. कारण ज्या स्क्रूची मान आधीच कोणी पिरगाळून ठेवली आहे, तो फिरवायला गेलं की मोडतो. त्याचं डोकं सरळ ड्रिलनं उडवावं लागतं. थांबांच्या हातात ड्रिल दिसलं की समोरचा खोटं बोलला, हे गॅरेजात चहा आणून देणाऱ्या बाईंनाही कळत असे. त्या गिऱ्हाइकाकडे बघून हसत आणि कप उचलत.

आता माझ्याबद्दल. मी शाळेत गणित शिकवतो. काच कोणी फोडली, पान कोणी फाडलं, हे विचारण्यात माझा निम्मा तास जातो, आणि "सर, मी नाही" हे उत्तर ऐकून माझे केस पिकले आहेत. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा मी शेवटच्या बाकावरूनही ओळखतो, अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली आहे.

तर माझ्या गाडीच्या पुढच्या चाकाची ब्रेक डिस्क बदलायची होती. डिस्क एका छोट्या स्क्रूनं बसवलेली असते. एवढाएवढासा स्क्रू. त्यासाठी भावोजींसमोर दोन दिवस ताटकळायचं? आपला हात जगन्नाथ, असं म्हणून मी एका रविवारी चाक काढलं. घरात हातोडी नव्हती. भिंतीत खिळा ठोकायचाय असं सांगून ताईकडून आणली. दहा मिनिटांत स्क्रूची अर्धी खाच गेली. मग मी छिन्नी लावली. स्क्रू किंचित हलला. आनंदानं मी आणखी दोन घाव घातले, आणि तेव्हा लक्षात आलं की मी तो उलट्या बाजूला फिरवत होतो. गणिताच्या मास्तरला घड्याळाचे काटे कुठून कुठे फिरतात हे कळू नये, यावर मी अधिक बोलणार नाही. घावांवर मी ग्रीस आणि माती चोपडली, चाक चढवलं आणि सोमवारी गाडी गॅरेजात नेली.

ताई तिथंच होती. गॅरेजच्या दारात सुट्या भागांचं दुकान ती चालवते. नवी डिस्क घेऊन ती गाडीपाशी येऊन उभी राहिली. मालक होते, दोन कारागीर होते, चहावाल्या बाई होत्या. भावोजींनी चाक उतरवलं आणि विचारलं, "मास्तर, याला आधी कोणी हात लावला होता का?"

"छे," मी म्हणालो.

भावोजींनी फडक्यानं माती पुसली. टॉर्च लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग जे ते कधीच करत नाहीत ते केलं; पुन्हा विचारलं. "नक्की ना?"

"भावोजी, मी कशाला हात लावू? मला काय त्यातलं कळतं?" आयुष्यात पहिल्यांदाच मी हे कबूल केलं, तेही खोटं बोलण्यासाठी.

ड्रिल त्यांच्या हाताशी होतं. त्यांनी ते उचललं नाही. तेल सोडलं, टकटक केली, तापवलं, निवू दिलं. चहा दोनदा झाला. मग उरलेल्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर बसवून त्यांनी हळूच जोर दिला, आणि कट् असा आवाज आला. स्क्रूचं डोकं त्यांच्या तळहातावर पडलं. मालकांनी बोर्डाकडे बघितलं. ताई काहीच बोलली नाही. एरवी ती चमचा पडला तरी भाषण देते; मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

"घाई झाली माझी," भावोजी म्हणाले.

गाडीचं काहीच बिघडलं नाही. डिस्क निघाली, मागे उरलेला तुकडा पक्कडीत धरून त्यांनी तासाभरात बाहेर काढला. बिघडला तो बोर्ड. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पेंटरला बोलावलं. मालक म्हणत होते, "अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला कळतंय?" भावोजी म्हणाले, "बोर्ड आहे तो. खोटा कशाला ठेवायचा?" पेंटरनं 'एकही नाही' पुसून 'एक' लिहिलं. समोरच्या गॅरेजवाल्यांनी ते गिऱ्हाइकांना आवर्जून वाचून दाखवलं. भावोजींनी त्यानंतर बोर्ड पुसायचं सोडलं. माझा शाळेचा रस्ता तिथूनच जातो. वर्षभर मी त्या बाजूला मान वळवली नाही.

परवाच्या रविवारी ताईकडे जेवलो. ताई भांडी आवरायला आत गेल्यावर मी भावोजींना विचारून टाकलं, "त्या स्क्रूवर तुम्हाला खुणा दिसल्या नव्हत्या?"

"दिसल्या की. छिन्नीच्या."

"मग ड्रिल का नाही घेतलं?"

"तुम्ही नाही म्हणालात ना," ते म्हणाले. "तुमची ताई उभी होती तिथं."

मला भयंकर लाज वाटली. वर्गात कान धरून उभा केलेला पोरगाही इतका कानकोंडा होत नसेल. मी उठून स्वयंपाकघरात गेलो. ताई सिंकपाशी उभी राहून ताटं धूत होती.

"ताई, त्या स्क्रूला आधी मी हात लावला होता."

तिनं मागे वळूनही बघितलं नाही. "माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांनी झाकलं, मग मी कशाला उघडं करू? बोर्डावरची धूळ तेवढी आता मी पुसते." मग तिनं ताट निथळत ठेवलं. "आणि माझी हातोडी आणून दे. वर्षभर कसला खिळा ठोकतोयस?"